नेमू कासाराने स्कूटर घेतली

कोण्या एका गावात नेमिनाथ नावाचा कासार राहायचा. सगळे त्याला नेमू म्हणत. भोळा म्हणजे किती भोळा? कुणी म्हणालं, "नेमू, जरा थांब," तर तो म्हणायचा, "जरा म्हणजे किती?" आणि उत्तर मिळेपर्यंत थांबायचा.

बांगड्यांची पेटी डोक्यावर घेऊन गावोगाव हिंडता हिंडता त्याचे गुडघे गेले. त्याची बायको पद्मा म्हणाली, "अहो, आता छोट्या इंजिनाची एक स्कूटर घ्या. आधी जाऊन बघून या."

नेमू तालुक्याला गेला आणि दुकानात दिवसभर गाडी बघून आला.

"कशी आहे?"

"लाल आहे."

पद्माने कपाळाला हात लावला. "अहो, नुसतं बघून काय कळतंय? वर बसायचं. पाय जमिनीला टेकले की समजायचं, आपल्या मापाची."

"बरं," नेमू म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तो घोडके गुरुजींकडे गेला. त्यांना त्यांची जुनी स्कूटर विकायची होती. गुरुजी म्हणाले, "बस. चहा घे, मग गाडी दाखवतो." ओसरीवर झोपाळा होता. नेमू बसला. पाय जमिनीला टेकले. तो एकदम खूश झाला. "गुरुजी, मापाचा आहे. हाच देऊन टाका!"

संध्याकाळी नेमू झोपाळ्याची फळी पाठीवर आणि कड्या गळ्यात घेऊन घरी आला.

"अहो, हे काय?"

"पाय टेकले."

"झोपाळा चालतो का? तो जागच्या जागी हलतो! घ्यायच्या आधी चालवून बघायचं. चालवल्याशिवाय काही घ्यायचं नाही."

"बरं," नेमू म्हणाला.

तिसऱ्या दिवशी तो हमीद मिस्त्रीच्या गॅरेजवर गेला. मिस्त्री आतून विकाऊ गाडी आणायला वळला. दारात एक स्कूटर उभी होती, किल्ली तिलाच. नेमू बसला आणि निघाला. चालवायला तो मेव्हण्याकडे शिकला होता. थांबवायचं शिकायच्या आधीच मेव्हण्याची बदली झाली होती. मागून पोस्टमन ओरडत धावत होता, कारण गाडी त्याची होती, आणि पुढून गावभर टपाल उडत होतं. शेवटी कडब्याच्या गंजीने गाडी थांबवली.

पद्माने पोस्टमनची माफी मागितली, टपाल गोळा केलं आणि नवऱ्याला समोर बसवलं. "नीट ऐका. गाडीला हात लावायच्या आधी मालकाला विचारायचं. मालक हो म्हणाला तरच हात लावायचा. कळलं?"

"कळलं."

मग ती स्वतःच त्याच्याबरोबर दुकानात गेली आणि नवीकोरी स्कूटर घेऊन आली. कागद नेमूच्या नावावर केले आणि त्याच्या खिशात ठेवले. मेव्हण्याला बोलावून नेमूला ब्रेकही शिकवला.

नेमूचे दिवस पालटले. आठवडाभर तो पेटी मागे बांधून ऐटीत फिरला. घरून निघताना आपल्यालाच विचारायचा, "मालक, नेऊ का?" आणि आपणच म्हणायचा, "न्या." पद्माला वाटलं, असू दे.

मग शेजारच्या गावाची जत्रा आली. बांगड्या भरून नेमू परत आला, तर गाड्यांच्या रांगेत त्याची लाल स्कूटर सापडली. पण शिकवण म्हणजे शिकवण. तो मोठ्याने म्हणाला, "या गाडीचे मालक कोण?"

अंधार पडायच्या आत नेमू चालत घरी आला. पेटी डोक्यावर, चेहरा प्रसन्न.

"अहो, गाडी कुठंय?"

"मालकाने नेली."

"कोण मालक?"

"मी विचारलं ना, मालक कोण? तर एक मिशीवाले गृहस्थ म्हणाले, 'मी.' मी म्हटलं, 'घरी नेऊ का?' ते म्हणाले, 'नको, मीच नेतो.' मग मी काय हात लावतोय! लांबूनच किल्ली टाकली. पेट्रोलला पैसे दिले. कागदही दिले."

पद्मा मटकन खाली बसली. "अहो, निदान नाव तरी विचारायचं!"

"विचारलं की!" नेमू म्हणाला. "आणि गंमत बघ, त्यांचंही नाव नेमिनाथच. कागद वाचून सांगितलं त्यांनी."