रिकाम्या सुईचा प्रताप

एका राज्यात मृगावती नावाची राणी होती. तिच्या सिंहासनाला दोन दगडी सिंह होते. दरसाल दसऱ्याला ते डोळे उघडत, राणीचा चेहरा न्याहाळत आणि ओळख पटली तरच बसू देत. बसणारा अनोळखी निघाला तर त्याला खाऊन टाकत. राज्य कसं सुरळीत चाललं होतं!

मांत्रिक धूम्रकर्णाला ते सिंहासन हवं होतं. त्याने शाप दिला, "राणी, तुझ्या त्वचेखालचे विणकर झोपी जातील." झालं! राणीचा चेहरा जुन्या लुगड्यासारखा सैल पडला. वैद्य आले, लेप आले, मोत्यांचं भस्म आलं. सगळं पालथ्या घड्यावर पाणी. दसरा जवळ आला. बसावं तर जीव जाणार, न बसावं तर राज्य मांत्रिकाचं.

राजकन्या केतकी तडक रानात गेली. बाभळीवर भारद्वाज पक्षी बसला होता.

"पक्षीराज, मातोश्रींचा चेहरा कोणत्या लेपाने भरेल?"

"कोणत्याच नाही. तो आतून भरतो. वस्त्राला भोक पडलं की विणकर उठतोच. कामं तीन आहेत. मांत्रिकाच्या खजिन्यातली सुई आण. ती रिकामीच टोच, रंग नाही, औषध नाही. मग वाट पाहा. तिथेच भलेभले हरले आहेत."

केतकी शापित खजिन्यात शिरली. सोन्याच्या भुकटीची कुपी बोलू लागली, "मला ने. चेहरा आत्ता उजळेल, उद्याचं उद्या." केतकीला मोह झाला. कुणाला होणार नाही? पण ती सुईच घेऊन निघाली.

"मातोश्री, दुखेल."

"दुखू दे. टोच."

केतकीने गाल टोचले, कपाळ टोचलं, हनुवटी टोचली. मोहरीएवढे रक्ताचे थेंब आले. सकाळी राणीचा चेहरा लालभडक सुजलेला! रोगापेक्षा इलाज भयंकर, असं दरबार कुजबुजला. तेवढ्यात धूम्रकर्ण कुपी घेऊन हजर.

"राणीसाहेब, चिमूटभर लावा."

राणीने हात पुढे केला. केतकीने तो धरला.

"मातोश्री, विणकर आत्ता कुठे उठलेत."

राणीच्या डोळ्यांत पाणी आलं, पण तिने हात मागे घेतला. आणि काय सांगावं! दिवसागणिक सूज उतरली, गालांखाली मागांची खटखट सुरू झाली. ती साऱ्या दरबाराला ऐकू येई. धाग्यावर धागा चढत गेला.

दसरा उजाडला. उजळ चेहऱ्याला सिंह फसतील या भरवशावर धूम्रकर्णाने कुपीभर भुकटी तोंडाला फासली आणि राणीच्या आधी धावत जाऊन सिंहासनावर बसला. सिंहांनी ओळख विचारण्याचेही कष्ट घेतले नाहीत.

मग राणी पुढे आली.

"धागा नवा दिसतो," एक सिंह म्हणाला.

"माग मात्र तोच आहे," दुसरा म्हणाला. "बसावे, राणीसाहेब."

राणी बसली, शाप फिटला, नगारे झडले. मग राणीने केतकीचा हात भर दरबारात आपल्या गालाशी धरला. जशी मृगावतीची ओळख तिला मिळाली, तशी ज्याची त्याला मिळो.