झाकण न कापलेली डबी

वस्तू एकमेकींशी मोकळेपणाने बोलत, त्या काळी एक पत्र्याची डबी दिवसभराच्या उघडझापीने पार थकून गेली होती. तिच्या मालकिणीने, वत्सलाबाईंनी, रंगीत पॉलिमर क्लेचे, म्हणजे भाजल्यावर कडक होणाऱ्या मातीचे, मणी वळले आणि ते ठेवण्यासाठी डबीवरही झाकणासकट त्याच मातीचा नक्षीदार थर चढवला. ओव्हनमध्ये भाजण्यापूर्वी झाकणाची फट पात्याने कापून मोकळी करायची होती.

डबी हळूच म्हणाली, "पातेराव, वरवरच फिरा. आता मिटून राहावंसं वाटतं."

"मावशी, एकदा भाजलं की माझं काही चालायचं नाही हं!"

"नाही तर नाही. फार दमलेय हो मी."

पात्याला दया आली. ते वरवर फिरले. ओव्हनमध्ये थर एकजीव होऊन कडक झाला. वत्सलाबाईंनी झाकण ओढून पाहिले, पिळून पाहिले आणि अखेर डबी काचेच्या कपाटात शोभेला ठेवली.

"मावशी, आम्हाला आत घे ना!" मण्यांनी हाक मारली.

डबीने सारे बळ लावले, पण झाकण हलले नाही.

मणी मग औषधाच्या जुन्या प्लास्टिकच्या डबीत गेले. ती येता-जाता उघडे, मिटे; आणि नक्षीची डबी कपाटातून तो आवाज ऐकत राही.