बंदर सोडायचे दोन रुपये

"दोन रुपये टाका, मगच पाय उचला!"

पोफळबंदरच्या धक्क्यावर राजाचा कारकून हात आडवा करून उभा, आणि त्याच्यासमोर सात विसा, म्हणजे चांगली एकशे चाळीस, परदेशी माणसं तोंडं वासून उभी!

ही मोठ्या जहाजातून देशोदेशी हिंडणारी हौशी मंडळी. कामधंदा काही नाही, दर्याची हवा खायची आणि बंदर दिसलं की उतरायचं. सकाळी उतरताना बंदरात यायचा एकेक रुपया त्यांनी गुपचूप भरला होता. मग दिवसभर काजू घेतले, लाकडी बाहुल्या घेतल्या, खिसे पार झटकून मोकळे केले. परत जहाजावर जायला येतात, तर म्हणे जायचाही कर! माणशी दोन रुपये! येताना कुणी चकार शब्द काढला नव्हता. काढला असता तर बाहुल्या कोण घेतं?

"यायला एक नि जायला दोन?" आवडा खारवीण कारकुनाला म्हणाली. जहाजापासून धक्क्यापर्यंत माणसांची ने-आण तिच्याच पडावातून, म्हणजे मोठ्या होडीतून, व्हायची. "अहो, उंदराला सापळ्यात शिरायला तरी फुकट असतं!"

हे बोलणं राजाच्या कानावर जायला कितीसा वेळ? धारराव राजा मनाचा वाईट नव्हता हो. पण हट्टी असा, की एकदा मिठाला गोड म्हणाला तर वर्षभर खिरीत मीठ घालून खाईल!

"तोंड फार चालतं ना तुझं?" राजानं तिला समोर उभी केली. "तुझ्याच पडावातून उतरली ना ही माणसं? मग तूच वसूल कर! तीन दिवसांत प्रत्येकाचे दोन रुपये माझ्या पेटीत पडले पाहिजेत. नाही पडले, तर तुझा पडाव माझा!"

पडाव गेला तर खायचं काय, वल्हं? पण चेहऱ्यावर दाखवेल ती आवडा कसली!

"महाराज, त्यांच्याकडे फुटकी कवडी नाही. तेवढा कर माफ..."

"मिशा उतरवीन, पण हुकूम मागे घेणार नाही!"

"नका उतरवू, शोभतात तुम्हाला. पण तोवर त्यांनी खायचं काय? आपल्या आजोबांपासूनची रीत आहे, वादळानं अडकलेला माणूस राजाच्या पंगतीला बसतो. आणि यांना तर खुद्द तुम्ही अडवलंय."

राजानं छाती फुगवली. "मग ते माझेच पाहुणे! मी काय वादळापेक्षा कमी आहे?"

"छे हो! कोण म्हणतं!"

आवडा धक्क्यावर गेली. परदेशी मंडळींना तिची भाषा कळेना. तिनं पाची बोटं तोंडाशी नेली आणि राजवाड्याकडे बोट दाखवलं. हे कुठल्याही मुलखात कळतं! सगळी धावत सुटली.

पहिल्या दिवशी सोलकढीचे हंडे रिकामे झाले. दुसऱ्या दिवशी उकडीचे मोदक. एका लांबोड्या साहेबानं एकतीस खाल्ले आणि बत्तिसाव्यासाठी पान पुढं केलं! राणीसाहेबांनी मडमांना फुगडी शिकवली, तर त्या मध्यरात्रीपर्यंत थांबेनात. राजाच्या गच्चीवर पाटलोणी वाळत पडल्या. आणि एक जाडजूड मडम राजाच्या झोपाळ्यावर अशी बसली, की राजाला स्वतःच्याच घरात उंबऱ्यावर टेकावं लागलं.

तिसऱ्या सकाळी राजानं दिवाणजींना विचारलं, "कर किती यायचाय?"

"दोनशे ऐंशी रुपये, महाराज."

"आणि खर्च किती झाला?"

दिवाणजींनी आढ्याकडे बघितलं. "मोदक धरून सांगू, की सोडून?"

"आवडाला बोलवा!"

आवडा आली. राजा हात जोडायचाच बाकी होता. "बाई, ने यांना! आत्ताच्या आत्ता ने!"

"नेते की. पण त्यांनी दोन-दोन रुपये भरायचेत ना? की हुकूम मागे घेतला?"

"हुकूम मागे नाही म्हणजे नाही!" राजा ओरडला. मागून झोपाळा करकरला. "पण... काढ ना गं काहीतरी वाट."

"महाराज, तुमची लेक माहेरपणाला येते. सासरी निघाली की तिच्याकडून गाडीभाडं घेता का?"

"भलतंच काय! उलट तिच्या हातावर चार पैसे ठेवतो."

"मग पाहुण्यांच्या हातावर एकेक नारळ ठेवा आणि दोन रुपये. त्यांनी ते कारकुनाला द्यायचे, कारकुनानं तुमच्या पेटीत टाकायचे. हुकूम जागच्या जागी, पाहुणे जहाजावर!"

राजानं मांडीवर थाप मारली. "दिवाणजी, दोनशे ऐंशी रुपये काढा!"

"इतके कशाला?" आवडा म्हणाली. "दोनच काढा!"

धक्क्यावर राजा बसला, शेजारी पेटी, पलीकडे कारकून. राजानं पहिल्या पाहुण्याला नारळ दिला, दोन रुपये दिले. पाहुण्यानं ते कारकुनाला दिले, कारकुनानं पेटीत टाकले. राजानं तेच उचलून दुसऱ्याला दिले! पाहुणे पडावात चढत होते, आवडा खेपा मारत होती, आणि दोन रुपये गरगर फिरत होते. झोपाळ्यावरची मडम रुपये आठवण म्हणून पिशवीत घालायला लागली, तेव्हा मात्र आवडा किंचाळली, "अगं बाई, ते सोड! तुझ्यामागं अख्खी रांग अडलीय!"

शेवटचा लांबोडा साहेब पडावात बसला. कारकुनानं घाम पुसला.

"सगळ्यांनी कर भरला?" राजानं विचारलं.

"एकूण एक माणसानं भरला, महाराज!"

"आणि पेटीत किती?"

"दोन."

राजा असा हसत सुटला, की पगडी घरंगळून पार पायरीवर गेली! "आवडा, पडाव तुझाच! वर आणखी काय देऊ, माग!"

"हुकूम तर तुम्ही मागे घेणार नाही?"

"मुळीच नाही! जाणाऱ्यानं दोन रुपये भरलेच पाहिजेत!"

"मग हे दोन रुपये माझ्याच पडावात राहू द्या. पुढच्या जहाजाला लागतील!"

हसून हसून राजाच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यानं दोन रुपये तिच्या हातावर ठेवले आणि मनगटातलं सोन्याचं कडं काढून त्यावर ठेवलं.

"घे! पण हे कडं तेवढं कारकुनाला देऊ नकोस हो!"