बांधातली माती

“…मग एकट्या त्याचाच मका हिरवा कसा, आबा?”

धुडकू आबांनी मान वर केली नाही. निंबाच्या सावलीत बसून ते अंबाडीच्या दोराला पीळ देत होते.

विचारणारे होते हिंमतराव देवरे. मृदाशास्त्रातले डॉक्टर. पस्तीस वर्षे कृषी महाविद्यालयात शिकवून दोन वर्षांपूर्वी गावी परतलेले. लहानपणी ते याच आबांच्या मागे पाटाच्या कडेने हिंडत. मातीचा पहिला धडा आपण एका निरक्षर पाटकऱ्याकडून घेतला, असे ते भाषणात आवर्जून सांगत.

पाटकरी म्हणजे बंधाऱ्याचे पाणी पाटातून ज्याच्या त्याच्या शेतात सोडणारा. आबांनी ते काम पन्नास वर्षे केले. आता पुतण्या करी. पण पाण्यावरून भांडण झाले, की गाव अजून आबांचाच शब्द मानी.

वैशाख होता. नदीच्या बंधाऱ्यात गुडघाभर पाणी उरले होते. काळ्या रानात हात जाईल एवढ्या भेगा होत्या.

अशा वर्षी ते गाव चार फडांपैकी एकच फड भिजवते. फड म्हणजे पाटाखालच्या जमिनीचा एक मोठा तुकडा. त्यात प्रत्येक घराची एकेक पट्टी. यंदा त्या एका फडात सगळ्यांनी गुरांपुरता मका पेरला होता. आठ दिवसांनी पाण्याची पाळी येई. नियम जुना होता आणि कडक होता. बांधाला हात लावायचा तो पाटकऱ्याने. दुसरा कोणी बांधावर फावडे घेऊन दिसला, तर त्याचे पाणी पावसाळ्यापर्यंत बंद.

हिंमतरावांच्या शेजारची पट्टी झिपरू सोनवण्याची. तो मधला बांध फोडून हिंमतरावांचे पाणी घेतो, अशी तक्रार त्यांनी पंचांकडे दिली होती. पंच संध्याकाळी बसणार होते.

“झिपरूचं पाणी बंद झालं, तर त्याची गाभण गाय बाजारात जाईल,” आबा म्हणाले. “बैलजोडीही जाईल. ठाऊक आहे ना?”

“वाईट मलाही वाटतं. पण चोरी ती चोरी.”

“पाहिलीस?”

“पाहिली नाही. सिद्ध केली.”

आबांनी मान वर केली.

“आमच्या वेळी आधी पाहायचे…”

हिंमतरावांना त्यात टोमणा दिसला. हल्ली त्यांना पुष्कळ गोष्टींत काहीतरी दिसे. झिपरूचा आजा आबांच्या हाताखाली पाटावर राबला होता, हे त्यांना ठाऊक होते. इथे येताना रस्त्यात ते त्याचाच विचार करत होते.

“पाणी घे,” आबांनी मडक्याकडे बोट केले.

हिंमतराव प्याले. पेला खाली ठेवताना म्हणाले, “तुमच्याकडे बरं एवढं गार पाणी असतं, या दिवसांत?”

“झिपरूकडून आणतो. रोज एक मडकं. लाच.”

हिंमतराव हसले नाहीत.

“अरे, बायको विहिरीवरून आणते,” आबा म्हणाले. “पी आणखी. तू डॉक्टर ना? कशाचा रे?”

“मातीचा. तुम्हाला माहीत आहे.”

“मग? बरी झाली का माती?”

हिंमतरावांनी पेला बाजूला सारला.

आबा म्हणाले, “झिपरूनं पट्टीत उसाचं पाचट अंथरलंय. घरातली सगळी माणसं महिनाभर डोक्यावरून भारे आणत होती. पाचटाखाली ओल टिकते. हे तू शिकवत होतास ना पोरांना?”

“शिकवत होतो.”

“मग मका हिरवा का, ते कळलं.”

“पाचट ओल टिकवतं, आबा. ओल लपवायलाही तेच उपयोगी पडतं. चोरून घेतलेलं पाणी उघड्या रानात दिसलं असतं. पाचटाखाली कोण बघतो?”

आबांनी दोराचा पीळ घट्ट केला.

“असंही असेल…” ते म्हणाले.

हिंमतरावांना धीर आला. त्यांनी खांद्यावरची पिशवी उतरवून आबांपुढे उपडी केली. आतून मातीच्या लहान लहान पुड्या निघाल्या. प्रत्येक पुडीवर तारीख.

“हा पुरावा. मी अंदाजानं बोलत नाही. बांधातून पाणी पलीकडे जातं की नाही, एवढंच शोधायचं होतं. रोज सकाळी बांधातली माती काढली. तोलली, वाळवली, पुन्हा तोलली. सव्वीस दिवस. एक दिवस चुकवला नाही.”

“कशानं काढलीस?”

“नळी आहे माझ्याकडे. लोखंडी. हातभर लांब. तिरकी खुपसायची. आतली माती जशीच्या तशी वर येते.”

“बांधात खुपसायची?”

“बांधातच. संशय बांधावर होता ना.”

“कोणी हटकलं नाही?”

“मला कोण हटकणार? मी तपासणी करतो, हे सगळ्यांना माहीत आहे.”

आबांनी दोर बाजूला ठेवला. पहिली पुडी उचलून हिंमतरावांच्या हातात दिली.

“ही कशी होती?”

“कोरडी. अगदी कोरडी.”

दुसरी दिली.

“हीसुद्धा.”

“ही?”

“कोरडीच. पाळीच्या आधीची आहे.”

“आणि ही पाळीनंतरची?”

“हो. यात थोडी ओल. मग पुढच्या पाळीनंतर बघा, दुपटीहून जास्त. तिसऱ्या पाळीनंतर तर…”

हिंमतरावांचा आवाज चढला होता. तो तिथेच थांबला.

आबा पुड्या ओळीने मांडत होते. पहिली कोरडी. मग ओलसर. मग ओली. प्रत्येक पुडीएवढी माती त्या बांधात आता नव्हती.

“सव्वीस,” आबा म्हणाले.

…

हे मी दोन जणांकडून ऐकले आहे. दोघे इथे किती वेळ गप्प होते, यावर सांगणाऱ्यांचे एकमत नाही. एकाच्या मते सावली पायावरून सरकेपर्यंत. दुसऱ्याच्या मते जेमतेम पाणी पिण्याएवढा वेळ. मला ठरवता आलेले नाही.

…

शेवटी हिंमतराव म्हणाले, “म्हणजे माझंच पाणी… माझ्याच…”

आबांनी हातानेच पुढचे थांबवले.

“झिपरूला माहीत आहे?” हिंमतरावांनी विचारले.

“परवाच्या पाळीला त्यानं पाहिलं. तुझ्या पट्टीतलं पाणी बांधातून त्याच्याकडे ठिबकत होतं. ओळीनं. तो इथं आला. घाबरला होता.”

“त्यानं ती भोकं बुजवायची होती!”

“कशानं? फावड्यानं? बांधावर उभं राहून?”

हिंमतरावांनी पुड्यांवरून नजर काढून बांधाकडे पाहिले.

“तो म्हणाला, आबा, हात लावला तर मी चोर, नाही लावला तरी मी चोर. सांगा, कुठं उभा राहू?”

“तुम्ही मला का नाही सांगितलंत?”

“सांगितलं असतं, तर ती नळी तू माझ्या अंगात खुपसली असतीस.”

ते खरे होते. हिंमतरावांनी मडक्याकडे पाहिले आणि नजर वळवली.

आबांनी एक पुडी फोडली. माती तळहातावर घेतली, मडक्यातले थोडे पाणी तीत ओतले, मळली. लाडवाएवढा गोळा झाला. तो त्यांनी हिंमतरावांच्या हातात ठेवला.

हिंमतराव तो गोळा धरून उभे राहिले. मग निंबाला टेकलेले फावडे त्यांनी उचलले.

“थांब,” आबा म्हणाले. “ऊन उतरलं की पुतण्या पाटावर येईल. त्याला सांग. तो पाटकरी आहे.”

“नको आबा. उशीर होईल. पंच संध्याकाळी बांध बघायला येणार. कोणी बघायच्या आत बुजवून टाकतो.”

“कोणी बघायच्या आत?”

“म्हणजे… चूक माझी आहे. माझ्या हातानं निस्तरतो. तक्रारही मागे घेईन. काहीतरी कारण सांगेन पंचांना. झिपरूचं पाणी वाचलं म्हणजे झालं ना?”

आबांनी पुन्हा दोर हातात घेतला.

हिंमतराव समोरच्याच फडातल्या बांधाकडे निघाले. दुपार कलली होती, तरी रान तापलेलेच होते. बांधावर ते गुडघे टेकून बसले. नळीची भोके आता सगळी दिसत होती. काहींच्या कडा पाण्याने कोरून मोठ्या झाल्या होत्या. ते फावड्याने माती ओढत, भोकात दाबत, पुढे सरकत. दहा झाली. बारा झाली. घाम डोळ्यांत उतरत होता.

“कोण आहे रे बांधावर?”

आवाज वेडूचा होता. वेडू फडाचा जागल्या, पिकाची आणि बांधांची राखण करणारा. काठी घेऊन तो पाटाकडून पळत आला.

“अरे, मी आहे. हिंमतराव.”

“दिसतंय. फावडं खाली ठेवा, साहेब.”

“वेडू, मी बांध फोडत नाही. बुजवतो आहे. ही भोकं माझीच आहेत.”

“सगळे बुजवतच असतात, साहेब. फोडताना कोणी सापडलाय का आजवर?”

“अरे, ऐकून तर घे…”

“काल तुम्हीच सांगितलं ना मला? बांधावर कोणीही दिसला, तर त्याचं काही ऐकून घेऊ नकोस. चोराकडे कारण तयारच असतं.”

हिंमतरावांना ते आठवले. असे ते म्हणाले होते.

वेडूने फावडे उचलून खांद्यावर टाकले. “चला. पंचांपुढं सांगा काय ते. नियम तुम्हाला ठाऊक आहे. मी नाही केलेला.”

नियम हिंमतरावांना ठाऊक होता. पावसाळ्यापर्यंत पाणी बंद. त्यांच्या गोठ्यात दोन म्हशी होत्या, आणि पट्टीतला मका आताच पिवळा पडत चालला होता. पण त्या क्षणी त्यांना म्हशी आठवल्या नसाव्यात. हातांना ओला चिखल लागला होता. ते हात कुठे ठेवावेत, हे त्यांना समजत नव्हते.

बांधाच्या पलीकडे, मक्यात, झिपरू उभा होता. केव्हापासून उभा होता, कोण जाणे. तो हलला नाही.

हिंमतरावांनी त्याच्याकडे पाहण्याचे टाळले. ते निंबाकडे वळून ओरडले, “आबा! सांगा ना याला! तुम्हाला सगळं माहीत आहे. तुमचा शब्द पुरे आहे!”

वेडूही थांबला. “खरं का, आबा? हे काय करत होते?”

आबांनी दोराचा पीळ बोटांत तसाच धरून ठेवला.

“एवढ्या लांबचं मला दिसत नाही, वेडू… समोर झिपरू उभा आहे. त्याला विचार.”