दोन मोहोळे आणि एक डोह

एका जंगलात एका डोहाच्या अलीकडच्या काठी रानडुकरांचा कळप राहत असे आणि पलीकडच्या काठी वानरांची टोळी. भांडण उंबरांवरून होते. फळे वानरे पाडत, पडलेली डुकरे खात, आणि कोणी कोणाचे खाल्ले यावरून रोज हमरीतुमरी होई. प्रकरण एवढ्यावरच राहिले असते तर ही गोष्ट सांगायची वेळच आली नसती. पण डुकरांच्या काठावर एक उंच सावर होती. तिच्या फांदीला आग्यामोहोळ लागले होते आणि त्याच फांदीवरून एक जाड वेल जमिनीपर्यंत लोंबत होता. एके दिवशी डुकरांच्या म्होरक्याने तो वेल दातांत धरून दाखवला आणि तो गुरगुरला, "पुन्हा या काठावर पाऊल टाकलेत तर हा ओढीन. मोहोळ उठले की तुमच्यातले औषधालाही कोणी उरणार नाही."

वानरे घाबरली, पण गप्प बसली नाहीत. त्यांच्या काठावरही सावर होती आणि तिच्यावरही मोहोळ होते. त्यांनी अलगद वर चढून फांदीला वेल गुंडाळला, टोक खाली सोडले आणि तेथे पहारेकरी बसवला. मग दोन्ही काठ एकच बोलू लागले, "आमच्या माश्या आहेत, म्हणून आम्ही सुखाने झोपतो." मुलांनो, आपण कोणाच्या आहोत हे माश्यांना मात्र कोणी सांगितले नव्हते.

त्या डोहावर सातभाई पक्ष्यांचा थवा राहत असे. नाव सातभाई असले तरी त्यांत बहिणीही असतात, आणि या थव्यात थोरल्या बहिणीचाच शब्द चाले. तिने ससा, मोर, साळिंदर अशा शेजाऱ्यांना जमवले. उन्हे कलली की ही मंडळी पाण्याच्या कडेला बसत आणि दोन्ही काठांना सांगत, "बाबांनो, दोन्ही वेल तोडा." डुकरे म्हणत, "आधी त्यांना तोडू दे." वानरेही तेच म्हणत. काही जण हसत, "या सातभाईंना बडबडीशिवाय दुसरा उद्योगच नाही!" सातभाई बडबडे आहेत, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण त्यांची घरटी दोन्ही काठांवर होती आणि पिलांना अजून उडता येत नव्हते. म्हणून थट्टा सोसून ते रोज येत राहिले.

एका दुपारी वानरांचा पहारेकरी डुलक्या घेत होता. सावरीचे एक वाळके बोंड सुटले आणि त्याच्या पाठीत बसले. तो दचकला. "डुकरे आली!" असे ओरडत त्याने सगळे बळ लावून वेल ओढला. मोहोळ उठले. माश्या सरळ पलीकडे वगैरे गेल्या नाहीत. त्यांनी पहिल्यांदा त्यालाच गाठले, मग वानरांना, मग पाणी ओलांडून डुकरांना. तेवढ्यात सातभाई दोन्ही काठांवर कंठ फुटेस्तोवर ओरडू लागले, "डोहात शिरा! पिल्लांना घेऊन डोहात शिरा!" सगळ्यांनी पाण्यात उड्या टाकल्या. थोरलीचा एक भाऊ मात्र वानरांच्या काठावर घरट्यावर पंख पसरून बसला होता. तो तेथून उठला नाही.

डुकरांचा म्होरक्या पाण्यात गेला नव्हता. डोळे सुजलेले, अंगाची आग होत असलेली, तरी तो आपल्या सावरीखाली आला आणि त्याने वेल दातांत धरला. "त्यांनी ओढला," तो फुत्कारला. "आता आम्हीही ओढणार."

थोरली त्या वेलावर येऊन बसली. तिचा आवाज बसला होता. ती म्हणाली, "दादा, माझा भाऊ गेला. पिल्लेही गेली असतील. ज्याने वेल ओढला तोही मेला, आता सूड कोणावर घेतोस? डोहात बघ. श्वासापुरती नाके वर काढून सगळी उभी आहेत. दुसरे मोहोळ उठले तर त्यांनी नाक कोठे काढायचे?"

म्होरक्याने सुजलेल्या डोळ्यांनी डोहाकडे पाहिले. वेल त्याच्या दातांतच होता. मग त्याने मान न झटकता जबडा आवळला आणि वेल कचाकच चावून तोडला.

संध्याकाळी माश्या निवल्या तेव्हा दोन्ही काठांवर रडारड चालली होती. दुसऱ्या दिवशी वानरांनी आपल्या फांदीचा वेल उतरवला. मोहोळे जिथल्या तिथे राहिली, त्यांना ओढणारे काही उरले नाही. मग वानरांचा म्होरक्या मान खाली घालून डुकरांच्या काठावर आला. त्याने विचारले, "चूक आमची होती. वेल तुमच्या दातांत होता. मग तुम्ही का नाही ओढला?"

म्होरक्या डुक्कर म्हणाला, "पाण्यावर नुसती नाके दिसत होती. त्यांतले माझ्या पिल्लाचे कोणते, ते मला ओळखता आले नाही."

तात्पर्य : जे शस्त्र आपला आणि परका ओळखत नाही ते कोणाचेच रक्षण करीत नाही, ते आधी कोणी टाकावे यावर वाद घालू नये, ज्याच्या हाती असेल त्याने टाकावे.