सात नंबरवरची पाटी

एकदा एका वृद्ध शिक्षकाने एका कचेरीने टाकून दिलेले वीस संगणक मागून आणले. कचेरीने नियमाप्रमाणे त्यांच्यातल्या डिस्क काढून घेतल्या होत्या, त्यामुळे ती नुसती खोकी उरली होती. शिक्षकांनी ती ग्रंथालयाच्या मागच्या खोलीत मांडली आणि कोपऱ्यात एक धडधाकट सर्व्हर, म्हणजे सगळ्यांना पुरवठा करणारा मुख्य संगणक, ठेवला. त्या सर्व्हरवर लिनक्स या संगणकप्रणालीची एकच प्रत होती. बटण दाबले की वीसही संगणक केबलमधून तीच प्रत उतरवून घेत आणि कामाला लागत. बंद केले की सगळे विसरत. सकाळी पुन्हा कोरे.

या खोलीत गावातल्या बायका मराठी टंकलेखन शिकत. शिकवायला शिक्षकांची एक शिष्या होती. हुशार, कष्टाळू आणि जिभेने जरा तिखट.

दूध संघाच्या कचेरीत झाडलोट करणाऱ्या द्वारकाबाई सात नंबरवर बसत. शुक्रवारी अकरा वाजता याच खोलीत त्यांची परीक्षा होती. उत्तीर्ण झाल्या तर त्याच कचेरीत त्यांना खुर्ची मिळणार होती, नाही तर झाडू होताच. गुरुवारी त्यांच्या हातून पडद्यावरची खालची पट्टीच नाहीशी झाली. शिष्येने सर्वांदेखत सात नंबरवर पुठ्ठ्याची पाटी टांगली : ‘बिघडवले आहे. हात लावू नये.’

“अगं, बंद करून चालू केला की झालं,” शिक्षक म्हणाले.

“राहू दे सर. लाज वाटली की हात जपून पडतो.”

त्या संध्याकाळी संगणक लवकर सुरू व्हावेत म्हणून शिष्येने सर्व्हरवरच्या प्रतीतला अनावश्यक पसारा काढून टाकला आणि समाधानाने घरी गेली.

शुक्रवारी सकाळी वीसही पडद्यांवर मराठी अक्षरांच्या जागी रिकामे चौकोन उमटले. बायकांनी संगणक बंद केले, चालू केले. पुन्हा चौकोनच.

“काल कुणी काय दाबलं?” शिष्येने विचारले.

द्वारकाबाई म्हणाल्या, “माझ्याच हातनं झालं असंल, बाई. सातचा रोग बाकीच्यांना लागला. मी आपली जाते.” त्यांनी पिशवी उचलली आणि चपला शोधू लागल्या. सव्वादहा वाजले होते.

शिक्षक उठले. त्यांनी सात नंबरवरची पाटी काढली, कोपऱ्यात नेली आणि सर्व्हरला टांगली.

“सर, तो तर चालू आहे,” शिष्या गोंधळून म्हणाली.

“चालू आहे म्हणून तर.” शिक्षकांचा आवाज मृदू होता. “द्वारकाबाईंची चूक एका संगणकावर होती. बटण बंद केलं की ती संपली असती. तू तिला पाटी लावून सगळ्यांच्या मनात रात्रभर जिवंत ठेवलीस. आणि जी चूक इथे होते, ती प्रत्येक बटणासरशी वीस ठिकाणी नव्याने जन्मते. खाली बसलेल्यांनी कितीही हात जपले तरी. काल इथे कोण बसलं होतं?”

शिष्येच्या डोळ्यांसमोर तो काढून टाकलेला पसारा आला. त्यात मराठी अक्षरे दाखवणारा फॉन्टही गेला होता.

ती दाराशी धावली. द्वारकाबाईंचा एक पाय चपलेत होता.

“बाई, थांबा. तुमच्या हातून काही झालेलं नाही. माझ्या हातून झालंय.” आणि आत वळून, सगळ्यांना ऐकू जाईल असे तिने पुन्हा तेच सांगितले.

फॉन्ट प्रतीत परत घालायला वीस मिनिटे लागली. संगणक एकामागोमाग जागे झाले. द्वारकाबाई सात नंबरवर बसल्या, पण बोटे हवेतच राहिली.

“दाबू का? परत काही झालं तर?”

“तर बंद करून चालू करू,” शिष्या म्हणाली आणि त्यांच्या शेजारी खाली बसली. पाटी मात्र तिने सर्व्हरवरून काढली नाही. फक्त त्यावरचा मजकूर खोडून लिहिले : ‘आधी इथे पाहावे.’

वीस जणांकडून एकाच सकाळी एकच चूक झाली, तर वीस नोटिसा काढणाऱ्या साहेबाने त्याआधी स्वतःचे टेबल तपासावे.