विहिरीवरचा नमुना

डोंगरापलीकडच्या एका गावात सुतारकाम करणारे एक भाऊ-बहीण राहत होते. दोघांनी आपापल्या विहिरीवर सारखेच रहाट बसवले. बैल गोल फिरला की गाडग्यांची माळ खाली उतरायची आणि भरून वर यायची. पाणी आपल्या पायांनी वर येतंय असं वाटायचं. बघायला गावंच्या गावं लोटली.

ज्याला त्याला तसाच रहाट हवा होता. भाऊ मोठा दिलदार. म्हणाला, "घ्या मापं, करा काय हवं ते. फक्त आसावर माझं नाव कोरा."

बहीण मात्र हट्टी. ती सांगायची, "रहाट न्या, हवा तसा बदला. पण जसा कराल तसा त्याचा हातभर लाकडी नमुना विहिरीवर टांगा, कोणालाही उघडून बघता यावा असा. आणि पुढच्याला देताना हीच अट घाला."

एकदा शहरातला एक नामांकित कारागीर तिच्याकडे आला. म्हणाला, "बाई, अट तेवढी काढा. शंभर विहिरींवर बसवतो."

"अट काढायची तर रहाट इथेच बरा," ती म्हणाली.

कारागीर हसत भावाकडे गेला. दोन वर्षांत शहरभर भावाचा रहाट झाला, वर पितळी झाकण आणि आसावर ठसठशीत नाव. गावकरी बहिणीला चिडवू लागले, "बस आता अट कुरवाळत."

मग सलग तीन वर्षं पाऊस रुसला. पाच पुरुष, म्हणजे पाच माणसांच्या उंचीइतकं, खोल असलेलं पाणी नऊ पुरुषांवर गेलं. माळ लांबवली तर बैल गुडघ्यावर यायचा, आणि तो थांबला की माळ उलटी धावून गाडगी फुटायची. पोरांना प्यायला पाणी उरलं नाही. गाव सोडायची भाषा सुरू झाली.

भाऊ शहरात धावला. तिथे त्याचाच रहाट बारा पुरुषांवरून सहज पाणी काढत होता. तो म्हणाला, "झाकण उघडा, आतलं बघू द्या."

"ते आम्ही उघडत नाही," कारागीर शांतपणे म्हणाला.

"अहो, रहाट माझा आहे."

"आहेच की. नाव बघा ना, किती ठळक कोरलंय. तुम्ही एवढंच मागितलं होतं."

यात खोटं काहीच नव्हतं. भाऊ मान खाली घालून परतला.

बहीण म्हणाली, "दादा, चल माझ्याबरोबर."

शेजारच्या गावी विहिरीवर नमुना टांगलेला होता. त्यात एक खुंटी जास्त होती, चाक उलटं फिरू न देणारी. पुढच्या गावच्या नमुन्यात गाडग्यांना बुडाशी बारीक भोक होतं, बैल थांबला की भार गळून जावा म्हणून. गावं मागे पडत गेली आणि प्रत्येक विहिरीवर एक नमुना दिसत गेला. शेवटच्या गावाची बोलीही त्यांना धड कळेना, पण नमुना तिथेही होता. त्यात एक जादा दातेरी चाक होतं. त्याने बैलावरचा भार निम्मा केला होता.

भाऊ ते चाक पुन्हा पुन्हा फिरवून बघत राहिला. हे बदल करणाऱ्या हातांना त्याने कधी पाहिलं नव्हतं, आणि त्या सगळ्यांनी त्याच्या गावासाठी काम करून ठेवलं होतं. त्याने तिथे पाणी भरणाऱ्या म्हातारीला विचारलं, "आजी, ही नमुन्याची अट कोणाची?"

म्हातारी तिच्या बोलीत म्हणाली, "कोण जाणे बाबा. रहाटासंगंच आली."

बहीण शेजारीच उभी होती. ती नमुन्याची मापं घेत होती.

परतल्यावर दोघांनी हे सगळे बदल आपल्या रहाटांना केले, आणि नवव्या दिवशी गावात पाणी वर आलं. बहीण म्हणाली, "दादा, शहराची तहान तुझ्याच रहाटाने भागली. माझा त्यांनी नेलाच नसता."

"भागली, त्याचा आनंद आहे," भाऊ म्हणाला. "पण तो परत घरी आला नाही गं."

मग त्याने हातभर लाकूड घेतलं, नमुना कोरला आणि आपल्या विहिरीवर टांगला. नाव कोरायचं तो विसरून गेला.

तात्पर्य: नावापलीकडे अट न घालता दिलेलं दान दूरवर पोचतं, पण ते परत येईल अशी आस धरू नये; जे कायम सगळ्यांचं राहावं असं वाटतं, त्याला तशी अट देतानाच घालावी.